त्या अठरा गुणांविषयी

मी खेळातला जाणकार नाही, हे आधीच सांगतो. हाउसच्या फुटबॉल संघात मी राखीव खेळाडू आहे. म्हणजे माझा बराचसा वेळ मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळण्यात जातो. टीव्हीवर सामना लागला तर बघतो, नाही लागला तर आठवण येत नाही. पण या जानेवारीत दिल्लीत एक जागतिक स्पर्धा बघताना मी एका गोष्टीला मोठ्याने हसलो. ते हसू चुकीचे होते, असे आता मला वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडे होतो. काका कोपर्निकस मार्गावरील एका कार्यालयात नोकरीला आहेत आणि घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. हा रस्ता मंडी हाउसच्या चौकातून निघतो आणि सरळ इंडिया गेटपाशी जातो. त्याच रस्त्यावर दूरदर्शन भवन आहे, कमानी सभागृह आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही आहे. रविवारी काका आम्हाला सदनात जेवायला नेत. दिल्लीच्या थंडीत आजूबाजूला मराठी ऐकू आले की निम्मी थंडी तिथेच जाते. सकाळी मी त्याच रस्त्याने इंडिया गेटपर्यंत पळत जायचो. जानेवारी असल्यामुळे कर्तव्य पथावर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम चाले. धुक्यात पथके दिसत नसत, फक्त बुटांचा आवाज येई. आपल्या शाळेतल्या कोणालाही त्या आवाजाने थांबावेसेच वाटेल.

त्याच आठवड्यात, १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात, दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. २३ देश आले होते. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ होते. भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. संकुल मावशीच्या घरापासून काही किलोमीटरवरच होते. काकांनी विचारले, "जायचं का रे बघायला?" मी म्हणालो, "नको, टीव्हीवर बघू."

खरे कारण थंडी नव्हती. खरे कारण सांगायला मला थोडा संकोच वाटतो. तरी सांगतो.

पाचवीपर्यंत मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. तिथे एकच खेळ होता, खो-खो. बॅट नव्हती, फुटबॉल नव्हता. जमिनीत रोवलेले दोन खांब होते आणि फक्कीने आखलेल्या रेघा होत्या. मी बरा खेळायचो. केंद्रस्तरावर आमचा संघ दुसरा आला होता. मग सहावीत इथे आलो. पहिल्या आठवड्यात एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात 'आवडता खेळ' असा रकाना होता. माझ्या एका बाजूच्या मुलाने टेनिस लिहिले होते, दुसऱ्याने स्क्वॉश. स्क्वॉश म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी खो-खो लिहायला घेतले, 'ख' काढला, खोडला आणि फुटबॉल लिहिले. तोपर्यंत मी फुटबॉलला पायसुद्धा लावला नव्हता. त्यानंतर चार वर्षे मी कोणालाही सांगितले नाही की मी खो-खो खेळायचो.

त्यामुळे खो-खोचा विश्वचषक म्हटल्यावर मला अभिमान वाटण्याऐवजी थोडे अवघडल्यासारखे झाले. आपण लपवून ठेवलेले माणूस एकदम टीव्हीवर दिसावे, तसे.

पहिल्या दिवशी भारत आणि नेपाळ या पुरुष संघांचा सामना होता. तो मी येता-जाता बघितला. भारत ४२, नेपाळ ३७. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. मावशीने तिळगूळ दिला आणि आम्ही टीव्हीसमोर बसलो. भारताच्या मुली दक्षिण कोरियाविरुद्ध खेळत होत्या. खेळ मातीवर नव्हता, मॅटवर होता. मैदानात नऊऐवजी सात खेळाडू होते. "आमच्या वेळी नऊ असायचे," मावशी म्हणाली. ती तालुक्याला खेळलेली आहे, हे मला त्या दिवशी कळले.

सामना कसला, भारताच्या मुली वाऱ्यासारख्या होत्या. समोरच्या मुली हुलकावणी द्यायला वळत, तोवर बाद झालेल्या असत. त्यांची पाठलागाची पाळी आली तेव्हा खो मिळालेली मुलगी अर्धा क्षण उशिरा उठे, आणि खो-खोमध्ये अर्धा क्षण म्हणजे सगळेच. शेवटी गुणफलक दिसला. भारत १७५, दक्षिण कोरिया १८.

मी हसलो. तोंडात तिळगूळ होता तरी हसलो. म्हणालो, "ह्या आल्याच कशाला?"

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते अठरा कसे केले त्यांनी, सांग बघू."

मला सांगता येईना. सगळा सामना मी बघितला होता, तरी त्या अठरा गुणांपैकी एकही मला आठवत नव्हता. मी फक्त एकच संघ बघत होतो.

"तुला उकिडवं बसता येत होतं म्हणून तुला सोपं वाटतं," मावशी पुढे म्हणाली. "त्यांना आधी बसायला शिकावं लागलंय."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. आपल्याला खो-खो कोणी शिकवलेला नसतो. शाळेच्या पटांगणात आपण मोठ्या मुलांकडे बघून शिकतो. पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसायचे, पाठीमागून हात लागून 'खो' ऐकू आला की उठायचे, एकदा दिशा घेतली की उलट फिरायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, खांबाला वळसा घालूनच दुसऱ्या बाजूला जायचे. हे सगळे आपल्या अंगात सात-आठ वर्षांचे असतानाच भिनते. मोठेपणी पहिल्यांदा हा खेळ बघणाऱ्याला हे किती विचित्र वाटत असेल! धावायच्या खेळात बसायचे, आणि शत्रू समोरून जात असला तरी खो मिळेपर्यंत उठायचे नाही. आपल्या ड्रिलसारखेच आहे हे. सहावीत आलो तेव्हा 'सावधान'मध्ये उभे राहायला मला किती दिवस लागले होते, ते उस्तादांना आठवत असेल.

मग मी पुढचे सामने वेगळ्या पद्धतीने बघितले. भारताच्या मुलींनी इराणला १००–१६ असे हरवले, मलेशियाला १००–२०. पुरुषांनी ब्राझीलला ६४–३४, पेरूला ७०–३८. मी प्रत्येक वेळी दुसऱ्या आकड्याकडे लक्ष ठेवले. ब्राझीलचा माणूस खांबाला हात लावून गर्रकन वळतो, पेरूचा माणूस सूर मारतो. हे आमच्या गावच्या पटांगणातले प्रकार आहेत. ते करताना त्यांना कोणी बघितले तर पाहिजे ना!

एका सकाळी पळताना मी इंडिया गेटच्या पुढे गेलो. तिथे मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम आहे. १९५१ च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ याच मैदानावर झाले. पण मी तिथे थांबलो तो नावामुळे. ध्यानचंद सोळाव्या वर्षी लष्करात भरती झाले. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठे असताना. त्यांच्याबद्दलचा एक आकडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला २४–१ असे हरवले. रूपसिंग यांचे १० गोल, ध्यानचंद यांचे ८.

हा आकडा मी भाषणात वापरलेला आहे. पण त्या स्पर्धेत हॉकीचे फक्त तीनच संघ होते, हे मी भाषणात सांगितले नव्हते. म्हणजे २४ गोल खाणाऱ्या त्या अमेरिकन संघाशिवाय ती स्पर्धा दोनच संघांची झाली असती. कोणीतरी हरायला आले, म्हणून कोणालातरी जिंकता आले.

आणि पुढे काय झाले? जग हॉकी शिकले. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. १९८० चे मॉस्कोचे सुवर्ण हे आपले आठवे आणि आतापर्यंतचे शेवटचे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर आपण पात्रही ठरलो नाही. मग टोकियोला आणि पॅरिसला कांस्यपदक मिळाले, तेव्हा सगळा देश नाचला. १९३२ मधल्या एखाद्या माणसाला कोणी सांगितले असते की भारत एक दिवस हॉकीच्या कांस्यपदकासाठी आनंदाने रडेल, तर तोही माझ्यासारखाच हसला असता.

आता उलट बाजू बघू. ७ जून १९७५, लॉर्ड्स. क्रिकेटच्या पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारताने ६० षटकांत ३ बाद १३२ केल्या. आपले सुनील गावसकर सुरुवातीला आले आणि शेवटपर्यंत राहिले. १७४ चेंडूंत नाबाद ३६. २०२ धावांनी हार. त्या दिवशी कोणीतरी नक्की म्हणाले असेल, "हे आलेच कशाला?" आठ वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच लॉर्ड्सवर भारताने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघातही गावसकर होते.

म्हणजे १७५–१८ हा आकडा कायमचा नसतो. फक्त आज आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, एवढाच प्रश्न असतो.

इथे माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे. तो माझ्याशी प्रेपच्या वेळी भांडला (सर, क्षमा असावी). तो म्हणतो, आपण लष्करी शाळेत आहोत, आपल्याला जिंकायला शिकवले जाते. समोरच्याची कीव करायची तर मैदानात उतरायचेच कशाला? दुसरे म्हणजे, आपणच सगळ्यांना शिकवत बसलो तर उद्या ते आपल्यालाच हरवतील. त्याने कबड्डीचे उदाहरण दिले, आणि ते अगदी बरोबर आहे.

कबड्डी १९९० मध्ये आशियाई खेळांत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताने जिंकले. २०१८ मध्ये जकार्ताला पुरुषांना उपांत्य फेरीत इराणने २७–१८ असे हरवले. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवले. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. "बघ," मित्र म्हणाला, "आपल्याच बाईंनी शिकवले आणि आपल्याच मुली हरल्या."

मी त्या रात्री खूप विचार केला. माझे उत्तर असे आहे.

समोरच्याची कीव करा, असे मी म्हणत नाही. भारताच्या मुलींनी कोरियाला शंभरच गुणांवर सोडायला हवे होते, असेही म्हणत नाही. तो तर जास्त मोठा अपमान झाला असता. पूर्ण ताकदीने खेळणे हाच समोरच्याचा मान आहे. त्या मुली पूर्ण ताकदीने खेळल्या. चूक त्यांची नाही, माझी, म्हणजे बघणाऱ्याची. खेळाडूचे काम जिंकायला खेळणे हे आहे. बघणाऱ्याचे काम दोन्ही संघ बघणे हे आहे.

शैलजा जैन यांच्याबद्दल म्हणाल, तर मला त्यांचा अभिमान वाटतो. आपला खेळ दुसऱ्याला इतका चांगला शिकवायचा की तो आपल्याला हरवू शकेल, याला मी हार म्हणणार नाही. आपले उस्ताद दुसरे काय करतात? आपल्यापैकी एखादा त्यांच्यापेक्षा चांगला निशाणा मारतो तेव्हा ते चिडत नाहीत, सगळ्या प्लाटूनला बोलावून दाखवतात. आणि २०१८ च्या पराभवाने भारताचे नुकसान झाले का? २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. पुरुषांनी इराणला ३३–२९ असे, महिलांनी चिनी तैपेईला २६–२५ असे हरवले. एका गुणाने! हा सामना लोकांना आठवतो. आधीच्या एकतर्फी सामन्यांतला एक तरी तुम्हाला आठवतो का? मला खो-खो विश्वचषकातला भारत–नेपाळ ४२–३७ हा सामना त्या वेळी येता-जाता बघूनही आठवतो, आणि १७५–१८ मधली एक धाव आठवत नाही. बलवान प्रतिस्पर्धी नसेल तर खेळ हा फक्त सराव उरतो.

आता मला हे एवढे का लागले, त्याचे कारण. ते आपल्याच मैदानावरचे आहे.

गेल्या वर्षी आंतर-हाउस फुटबॉलमध्ये आमच्या ज्युनिअर संघाने एका हाउसला ९–० असे हरवले. त्या हाउसचे निम्मे खेळाडू तापाने आजारी होते आणि गोलरक्षक म्हणून सहावीतला एक नवा मुलगा उभा केला होता. सहाव्या गोलनंतर आम्ही बाहेरून प्रत्येक गोल मोजायला लागलो. मोठ्याने, एका सुरात. राखीव खेळाडूंना दुसरे काम नसते. सर्वांत मोठा आवाज माझा होता. सामना संपल्यावर तो मुलगा हातमोजे न काढता तसाच उभा राहिला. नंतर बरेच दिवस तो खेळाच्या तासाला पोट दुखते म्हणून बसून राहायचा. मी बघत होतो. मला वाटले, भित्रा आहे.

मावशीने अठरा गुणांचा प्रश्न विचारला तेव्हा मला तो आठवला. त्या नऊ गोलांच्या मध्ये त्याने किती चेंडू अडवले? मला माहीत नाही. काही तरी अडवलेच असतील. आम्ही ते मोजले नव्हते.

१९ जानेवारीला रविवारी अंतिम सामने झाले. दोन्हींत समोर नेपाळ होता. मुलींनी ७८–४० असा विजय मिळवला. मावशीने टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले. ते का, हे मी विचारले नाही. त्यानंतर पुरुषांचा सामना सुरू झाला. तिसरी पाळी संपली तेव्हा भारत ५४, नेपाळ १८ होते. आता एकच पाळी उरली होती आणि सामना संपल्यातच जमा होता. काकांनी मला खाली दुकानातून दूध आणायला पाठवले.

वसाहतीच्या फाटकावर रात्रीचे पहारेकरी आहेत. मी त्यांना भैया म्हणतो. ते खुर्चीवर घोंगडी पांघरून बसले होते आणि मोबाइलवर तोच सामना लागला होता, आवाज अगदी बारीक करून. ते नेपाळचे आहेत, हे मला माहीत होते. आठ दिवस मी रोज सकाळी त्यांना 'राम राम' करून पळायला जात होतो. पण ते कोणाचा सामना बघत असतील, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. आवाज बारीक का ठेवला होता, ते मला लगेच समजले. सगळ्या वसाहतीत भारताचा जल्लोष चालू होता.

मी दूध आणले आणि तिथेच त्यांच्याजवळ उभा राहिलो. नेपाळचे खेळाडू शेवटच्या पाळीत पाठलाग करत होते. जिंकणे शक्य नव्हते. छत्तीस गुणांचे अंतर होते आणि घड्याळ पळत होते. पण त्यांना बघून कोणाला तसे वाटले नसते. एक गडी बाद झाला. भैयांनी मूठ आवळली. आणखी एक बाद झाला. मी म्हणालो, "अच्छा पकडा." त्यांनी माझ्याकडे बघितले आणि आवाज थोडा मोठा केला. शेवटी १८ चे ३६ झाले. भारत ५४–३६ असा जिंकला. भारत जिंकला म्हणून मला खूप आनंद झाला, तो खोटा कशाला सांगू? पण हातात दुधाची पिशवी असतानाही मी नेपाळसाठी टाळ्या वाजवल्या. भैया म्हणाले, "हारे, मगर बैठे नहीं." आपल्या लष्करात गोरखा पलटणी आहेत, त्यांच्या शौर्याच्या गोष्टी आपण वर्गात ऐकतो. मला त्या रात्री त्यातले थोडेसे कळले.

शेवटच्या सकाळी मी कोपर्निकस मार्गावरून पळत गेलो तेव्हा रस्त्याच्या पाटीकडे नीट बघितले. कोपर्निकसबद्दल आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. १५४३ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सूर्य पृथ्वीभोवती नाही, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे त्याने मांडले. त्याआधी सगळ्यांना वाटायचे, आपण मधोमध आहोत आणि बाकी सगळे आपल्याभोवती फिरते आहे. मला वाटते, टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक प्रेक्षक थोडाफार तसाच असतो. सामना आपल्याभोवती फिरतो आहे, समोरचा संघ फक्त आपल्या विजयासाठी आला आहे, असे त्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली अवघड होती. मी त्या गोलरक्षक मुलाकडे गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "सर, इट्स ओके," आणि पळून गेला. ज्युनिअरला सीनिअरने माफी मागितली की तो घाबरतोच. पण तिसऱ्या दिवशी तो खेळाच्या तासाला मैदानात दिसला.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही तिघांनी, तिघेही जिल्हा परिषदेच्या शाळांतले, बास्केटबॉलच्या मैदानामागे खो-खो सुरू केला. माझ्यासारखेच त्या दोघांनीही इतकी वर्षे ते कोणाला सांगितले नव्हते! पी.टी.च्या उस्तादांनी फक्की दिली. खांब म्हणून दोन बांबू रोवले. आमच्या डॉर्मिटरीत मणिपूरचा, केरळचा, बिहारचा असे कॅडेट आहेत. पहिल्या दिवशी ते उकिडवे बसताना मागे पडत होते आणि 'खो' म्हणायच्या आधीच उठत होते. आम्ही हसलो नाही. त्यांना बसायला शिकवले.

तिसऱ्या आठवड्यात मणिपूरच्या मित्राने मला खांबापाशी सूर मारून बाद केले. माझी हुलकावणी त्याने ओळखली होती. ती मीच त्याला दाखवली होती. मी मातीत पडलो, गुडघा खरचटला आणि सगळे ओरडले. सगळ्यांत मोठ्याने तो ओरडला. एवढा आनंद मला फुटबॉलमध्ये कधी झाला नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. आदरणीय सरांना विनंती, की आपल्या शाळेत खो-खोचे दोन पक्के खांब रोवावेत. मैदानाला बास्केटबॉलच्या मैदानाएवढीच जागा लागते आणि बाकी खर्च काहीच नाही. आंतर-हाउस स्पर्धेत त्याला जागा मिळाली तर उत्तमच. पालकांना विनंती, की रविवारी फोनवर "किती गुणांनी जिंकलास?" असे विचाराल, तेव्हा पुढे "आणि समोरचे कसे खेळले?" असेही विचारा. आम्हाला उत्तर द्यायचे असेल तर आम्हाला त्यांच्याकडे बघावे लागेल. आणि मित्रांनो, तुम्हाला विनंती, की मैदानाबाहेर उभे असाल तेव्हा दोन्ही बाजूंचे गुण मोजा.

या वर्षीचा फॉर्म मागच्या आठवड्यात भरला. आवडता खेळ या रकान्यात मी खो-खो लिहिले आहे.